एकविसावा रकाना

संगणक चालू करावा, विंडोजचं चिन्ह दिसावं, खालचे ठिपके गोल फिरू लागावेत आणि मध्येच पडदा काळा होऊन सगळं पहिल्यापासून सुरू व्हावं. हा रोग जुना आहे. त्यावर गल्लीतला दुरुस्तीवाला आधी एकच प्रश्न विचारतो, "पडतो कुठे?" चिन्ह दिसण्याआधीच पडत असेल तर पॉवर सप्लाय किंवा रॅम बघायची. डेस्कटॉप आल्यावर पडत असेल तर पंखा, उष्णता, नाहीतर आपोआप सुरू होणारं एखादं सॉफ्टवेअर. चिन्ह दिसलं, पण लॉगिनपर्यंत पोचलाच नाही, तर संशय बहुतेक वेळा ड्रायव्हरवर.

हा तिसरा प्रकार शुक्रवारी, १९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख यंत्रांना एकदम झाला. खालच्या सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेतल्या आहेत.

१४२ दिवस आधी

२८ फेब्रुवारी. टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक ही सायबरसुरक्षा कंपनी आपल्या 'फाल्कन' सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांसाठी खुली करते. फाल्कन हा बँका, विमान कंपन्या, रुग्णालयं अशा मोठ्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर बसवलेला पहारेकरी. नव्या आवृत्तीत त्याला एक नवी नजर मिळते. विंडोजमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी ज्या आतल्या वाटांनी बोलतो, त्या वाटांचा गैरवापर ओळखायची.

त्यासाठी नियमांचा एक साचा तयार होतो. साच्यात रकाने २१. पण या रकान्यांशी ताडून बघायची माहिती सेन्सरमधला जो कोड पुरवतो, तो २०च गोष्टी पुरवतो.

एकवीस मोदकांचा नैवेद्य सांगितलाय आणि ताटात वीसच ठेवलेत, असं समजा. जोवर कुणी एकविसावा उचलायला हात घालत नाही, तोवर ताट भरलेलंच दिसतं.

१३६ दिवस आधी

५ मार्च. नव्या साच्याची चाचणी होते. ताण देऊन बघतात, पास होतो. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम प्रत्यक्ष यंत्रांवर जातो. ८ ते २४ एप्रिलदरम्यान आणखी तीन जातात. कुठेही काही बिघडत नाही.

बिघडत नाही, कारण या सगळ्या नियमांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं लिहिलेलं असतं. काहीही चालणार असेल तर तिथे काय आहे हे बघायची गरजच नसते. चार वेळा सुखरूप पार पडलेल्या कामावर माणसाचा विश्वास बसतोच. तो इथेही बसला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सेन्सरची नवी आवृत्ती आली की सावध ग्राहक ती लगेच घेत नसत. 'आम्ही एक आवृत्ती मागेच राहू' अशी सोय कंपनीने दिलेली होती आणि अनेकांनी ती घेतलीही होती. पण ही सोय सॉफ्टवेअरपुरती होती. नियमांच्या फायली तिच्या कक्षेबाहेर होत्या. त्या दिवसातून कितीदाही येत, सगळ्यांना एकदम आणि न विचारता. हल्लेखोर थांबत नाहीत, मग पहारेकऱ्याने का थांबावं, असा तो हिशेब. दाराला दोन कड्या लावाव्यात आणि पेपर टाकायची फट उघडीच असावी, तसं झालं.

सहा तास आधी: पहाटे तीन ते साडेतीन

आषाढी होऊन दोनच दिवस झालेत. भारत झोपलेला आहे. अमेरिकेच्या मध्य भागातल्या मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर क्लाउडमध्ये एक बिघाड सुरू होतो. फ्रंटियरसारख्या काही विमान कंपन्यांची उड्डाणं अडकतात. या बिघाडाचा पुढच्या प्रकरणाशी काही संबंध नाही. पण सकाळी जेव्हा खरं संकट येईल, तेव्हा पहिले काही तास बरेच जण दोन्हींची गाठ घालतील आणि 'मायक्रोसॉफ्ट पडलं' एवढंच म्हणतील. निदान करताना यासारखी घातक गोष्ट नाही. शेजारी दुसरा रोगी असला की लक्षणं उधार घेतली जातात.

सकाळी ९ वाजून ३९ मिनिटं

ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र, अकरा वाजून गेलेत. लंडनमध्ये पहाटेचे पाच. सिडनीत दुपारचे दोन. मुंबई-पुण्यात लोक नुकतेच कार्ड टेकवून ऑफिसात शिरतायत, कुणी अजून लोकलमध्ये आहे.

क्राउडस्ट्राइककडून चॅनल फाइल क्रमांक २९१ची नवी प्रत सुटते. तिच्यात दोन नवे नियम आहेत. पाठवण्याआधी फाइल एका स्वयंचलित तपासनिसाच्या हाताखालून जाते. पण त्या तपासनिसातच दोष असतो, तो सदोष नियमालाही 'ठीक' म्हणतो. आधी थोड्या यंत्रांवर पाठवून बघावं, मग इतरांना द्यावं, असा टप्पा या फायलींसाठी ठेवलेलाच नव्हता.

या वेळी एका नियमाने एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' लिहिलेलं नाही. नेमकं काहीतरी मागितलेलं आहे.

पुढचे काही क्षण

फाइल यंत्रावर उतरते. विंडोजमधला एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याशी बोलतो, सेन्सरला वर्दी जाते, सेन्सर नियम वाचू लागतो. वीस रकाने जुळवतो. एकविसाव्याला हात घालतो. ताटात मोदक नाही, हात शेजारच्या जागेवर पडतो. संगणकाच्या भाषेत, स्मृतीचा जो भाग त्याला दिलेलाच नाही तिथलं तो वाचायला जातो.

हे एखाद्या साध्या प्रोग्रॅमने केलं असतं तर विंडोजने त्याला तेवढ्यापुरतं बंद केलं असतं. सभामंडपात कुणाला भोवळ आली तर त्याला बाहेर नेतात, देऊळ चालूच राहतं. पण सेन्सरचा ड्रायव्हर सभामंडपात नाही, गाभाऱ्यात आहे. या गाभाऱ्याला कर्नल म्हणतात. पहारेकऱ्याने सगळ्यांच्या आधी जागं व्हावं, सगळ्यांवर नजर ठेवावी आणि कुणाला त्याला हटवता येऊ नये, म्हणून त्याला मुद्दाम तिथे बसवलेलं असतं. गाभाऱ्यात असं काही झालं की विंडोज पुढे चालायचं नाकारतो. आणखी माहिती खराब होण्यापेक्षा थांबलेलं बरं, हा त्याचा शहाणपणा. निळा पडदा येतो, उदास चेहरा येतो, आणि काही क्षणांनी यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होतं.

पुन्हा सुरू होताना पहारेकरी पुन्हा सगळ्यांच्या आधी जागा होतो. पुन्हा तीच फाइल उघडतो. पुन्हा एकविसाव्या रकान्याला हात घालतो.

चक्र सुरू झालं.

सकाळी दहा

ऑस्ट्रेलियात शुक्रवारची दुपार, दुकानं गजबजलेली. कोल्स आणि वूलवर्थ्सच्या दुकानांत पैसे घ्यायची यंत्रं थांबतात. एबीसीसारख्या प्रसारण संस्थेच्या संपादकीय खोलीत पडदे निळे होतात. भारतात आयटी कंपन्यांच्या मजल्यांवर एकाच वेळी निळा उजेड पसरतो. लॅपटॉप उघडे असलेल्यांचे पडतात. ज्यांनी अजून उघडले नाहीत, ते या घटकेला नशीबवान आहेत आणि त्यांना ते ठाऊक नाही.

कंपन्यांच्या मदत कक्षात फोन खणखणू लागतात. एका यंत्राचं असतं तर मेकॅनिकने आधी 'आपोआप पुन्हा सुरू होणं' बंद केलं असतं. विंडोज १० आणि ११च्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये त्यासाठी ९ क्रमांकाचा पर्याय आहे. तो निवडला की निळा पडदा जागेवर थांबतो आणि त्यावरचा मजकूर निवांत वाचता येतो. इथे ज्यांनी नीट वाचलं त्यांना एक नाव दिसलं: सीएसएजंट. फाल्कनचा ड्रायव्हर. 'कुठे पडतो' याचं उत्तर पहिल्या तासातच पडद्यावर आलं होतं.

१० वाजून ५७ मिनिटं

चूक सुटून ७८ मिनिटं झाली. क्राउडस्ट्राइक दुरुस्त फाइल सोडते. जी यंत्रं आत्तापर्यंत बंद होती किंवा इंटरनेटला जोडलेली नव्हती, त्यांना आता सदोष फाइल मिळणारच नाही. कागदावर बघितलं तर संकट संपलं.

पण जी यंत्रं चक्रात सापडली आहेत, त्यांना ही दुरुस्त फाइल पोचणार कशी? ती घ्यायला यंत्र इतका वेळ जागं राहायला हवं, की नेटवर्क जोडलं जाईल आणि सेन्सर नवी फाइल उतरवून घेईल. यंत्र त्याआधीच पडतंय. औषध दाराशी आलंय आणि रोगी दार उघडण्याइतका वेळ शुद्धीवर राहत नाही.

या दिवसाचं सगळं मर्म या एका अडचणीत आहे. बिघाड वायरीतून आला. दुरुस्तीला आता पायांनी चालत जावं लागणार.

दुपारी बारा ते तीन

युरोप उठतो. लंडनच्या स्काय न्यूजचं सकाळचं थेट प्रक्षेपण बंद पडतं. बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणं थांबवतात. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइनचं विद्यापीठ रुग्णालय तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यांतली नोंदणी अडते. अमेरिकेत अजून पहाट आहे, पण रात्रभर चालणारे सर्व्हर आधीच पडलेत. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सची उड्डाणं जमिनीवर थांबवली जातात.

मुंबई विमानतळावर रांगा वाढत जातात. अकासा, स्पाइसजेट आणि इंडिगो प्रवाशांना सांगतात की नोंदणी हाताने होईल, लवकर या. इंडिगोच्या रद्द उड्डाणांचा आकडा दिवसअखेरीस दोनशेच्या जवळ जातो. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला बोर्डिंग पास मिळतो तो पेनाने लिहिलेला: नाव, उड्डाण, आसन. त्याचा फोटो देशभर फिरतो. त्या दिवसाचं तेच सगळ्यात खरं चित्र ठरतं.

सगळं काही बंद पडलेलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. ज्यांच्याकडे फाल्कन नव्हता त्यांचं विंडोज ठणठणीत होतं. मॅक आणि लिनक्सला या फाइलचा काही त्रास झाला नाही. आपल्या सरकारी संगणक सेवा चालवणाऱ्या एनआयसीचं जाळं शाबूत राहिलं. मुंबईत शेअर बाजार नेहमीप्रमाणे चालला. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले.

दुपारी ३ वाजून १५ मिनिटं

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ जाहीर करतात की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडलाय आणि दुरुस्ती पाठवली आहे. सगळं खरं होतं. पण त्या निवेदनात एक गोष्ट बसत नव्हती: 'दुरुस्ती पाठवली' आणि 'दुरुस्ती झाली' यांच्यामधलं अंतर. माफी त्यांनी नंतर, अमेरिकेत सकाळ झाल्यावर, टीव्हीवर मागितली.

संध्याकाळी चार ते रात्री दहा

आता काम हाताचं. उपाय तीन ओळींत लिहिता येईल. यंत्र सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरी पडद्यातून उघडा. सिस्टीम३२, त्यातल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या क्राउडस्ट्राइक या फोल्डरमध्ये जा. 'सी-०००००२९१'ने सुरू होणारी फाइल काढून टाका आणि यंत्र सुरू करा. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर उठवतो, पहारेकरी झोपलेला राहतो, म्हणून तिथे फाइल हाताला लागते. त्या फोल्डरमधल्या बाकी फायलींना हात लावायचा नाही.

करायला गेलं की प्रत्येक ओळीत एक खड्डा. रिकव्हरीमधला काळा पडदा 'एक्स' ड्राइव्हवर उघडतो. ज्याने आधी 'सी'वर उडी मारली नाही, तो चुकीच्या घरात फाइल शोधत बसतो आणि 'फाइल सापडत नाही' असं उत्तर घेतो. त्याहून मोठा खड्डा बिटलॉकरचा. चोरी झाली तरी माहिती उघडू नये म्हणून कंपन्यांनी डिस्कला कुलूप घातलेलं. रिकव्हरीत शिरायचं तर ४८ आकडी किल्ली हवी. ती मदत कक्षाकडे असते, आणि कर्मचारी घरून काम करत असला तर फोनवरूनच सांगावी लागते. त्या संध्याकाळी असले संवाद किती ठिकाणी झाले असतील:

"मॅडम, सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत. सावकाश लिहून घ्या."

"थांबा हं. तिसऱ्यात शेवटी पाच की नऊ?"

"नऊ."

"आता चुकीची आहे म्हणतंय हो."

"काही हरकत नाही, पहिल्यापासून घेऊ."

हे एका लॅपटॉपचं. आणि काही ठिकाणी किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती, तोच सर्व्हर निळा होऊन पडला होता. कपाटाची किल्ली कपाटातच.

ऑस्ट्रेलियात ग्रँट थॉर्नटन या सल्लागार कंपनीच्या तंत्रज्ञांनी यातून एक सुंदर पळवाट काढली. प्रत्येक यंत्राची ४८ आकडी किल्ली बारकोडमध्ये बदलली आणि दुकानात असतो तसला स्कॅनर यंत्राला जोडला. संगणकाला स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. कोड दाखवला की ४८ आकडे क्षणात टाइप, एकही चूक नाही.

मायक्रोसॉफ्टने क्लाउडमधल्या यंत्रांसाठी आणखी एक सल्ला दिला, ऐकायला तो वेडेपणाच वाटेल: पुन्हा पुन्हा सुरू करत राहा, काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं. यात जादू काही नाही, ती एक शर्यत आहे. प्रत्येक वेळी यंत्र पडण्याआधी काही क्षण जागं असतं. एखाद्या खेपेस नेटवर्क आधी जोडलं गेलं आणि दुरुस्त फाइल आधी उतरली, की चक्र तुटतं. वाय-फायपेक्षा वायरने जोडलेल्या यंत्राला ही शर्यत जिंकायची शक्यता जास्त, कारण वायर लवकर जोडली जाते.

२० जुलै, पहाटे तीन

भारतातल्या विमानतळांवरच्या विमान कंपन्यांच्या यंत्रणा पूर्ववत चालू होतात, असं नागरी विमान वाहतूकमंत्री के. राममोहन नायडू सकाळी सांगतात. साचलेले प्रवासी मार्गी लागायला त्यापुढेही वेळ जातो. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट अंदाज देते: ८५ लाख यंत्रं, म्हणजे जगातल्या सगळ्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. आणि यूएसबीवरून दुरुस्ती करणारं साधन प्रसिद्ध करते. पेनड्राइव्ह लावा, यंत्र सुरू करा, फाइल आपोआप निघेल. किल्ली मात्र लागणार ती लागणारच.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्यांना सुरक्षेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनीच हा पहारेकरी नेमला होता. तो एक टक्का विमानतळांवर, रुग्णालयांत, बँकांत होता.

पाचवा दिवस

इतर अमेरिकी विमान कंपन्या सावरल्या, डेल्टा अजून अडखळते. यंत्रं उठली, पण कुठला वैमानिक आणि कर्मचारी कुठल्या शहरात आहे याचा हिशेब ठेवणारी प्रणाली साचलेल्या बदलांखाली दबली. पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द. डेल्टाचे प्रमुख एड बॅस्टियन पुढे नुकसान ५० कोटी डॉलर सांगतात. ४०,००० सर्व्हर हाताने ठीक करावे लागले, असंही ते म्हणाले.

दहावा दिवस

२९ जुलै. क्राउडस्ट्राइक सांगते की विंडोजवरचे सुमारे ९९ टक्के सेन्सर पुन्हा जागे झालेत. मोजा: चूक ७८ मिनिटं बाहेर होती, ती निस्तरायला दहा दिवस. ७८ मिनिटं तारेच्या वेगाने, दहा दिवस जिने चढून, टेबलाखाली वाकून, आकडे पुन्हा पुन्हा वाचून.

अठरावा दिवस

६ ऑगस्ट. कंपनीचा मूळ कारणांचा अहवाल येतो. एकवीस रकाने, वीस गोष्टी. मर्यादेबाहेर वाचतोय का, हे तपासणारी ओळ सेन्सरच्या कोडमध्ये नव्हती, ती २५ जुलैला घातली गेली. नियमांच्या फायली आता टप्प्याटप्प्याने सोडल्या जातील आणि कधी घ्यायच्या हे ग्राहक ठरवू शकेल, असंही ठरलं. सप्टेंबरमध्ये कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर माफी मागून आले.

मायक्रोसॉफ्टनेही आपल्या बाजूने त्या एका अडचणीला हात घातला. सतत पडणाऱ्या यंत्राने स्वतःच रिकव्हरीत जावं, तिथून इंटरनेटला जोडलं जावं आणि दुरुस्ती मागवून घ्यावी, अशी सोय तिने त्याच नोव्हेंबरमध्ये जाहीर केली. २०२५मध्ये मरणाचा तो निळा पडदाही काळा करायचं ठरलं.

तरीही हाताचा उपाय तोच, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचा. तुमच्या यंत्राला हे चक्र लागलं तर नवीन विंडोज टाकायची घाई करू नका. आपोआप सुरू होणं थांबवा, पडद्यावरचं नाव वाचा, सेफ मोडमध्ये शिरा, शेवटी काय बदललं ते उलटवा. आणि बिटलॉकरची किल्ली आजच कागदावर लिहून घरात कुठेतरी ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये नको.